खाच पाडलेले शिंपले

माझं माहेर दाभोशाचं. पावसाळा सरून पाणी निवळलं की बाबा नदीच्या डोहात बुडी मारून शिंपले काढायचे. त्यांच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक काठावर माझ्या हातात. झटका आला की मी ओढायची. तोवर मीपण श्वास धरून ठेवायची. मी सोडला तर त्यांचाही सुटेल असं वाटायचं.

हे मला पुष्कळ वर्षांनी आठवलं. आमच्या बचत गटाने शेततळ्यात मोती पिकवायचं ठरवलं, तेव्हा शिकवायला एक सर आले होते. ते म्हणाले, पूर्वी मोत्यांसाठी माणसं नाकाला चिमटा लावून, पायात दगड अडकवून समुद्राच्या तळाशी जायची. होडीतला जोडीदार दोरी धरून बसायचा. टोपलीभर शिंपले उघडावेत तेव्हा एखादा मोती. ते मोती लांबून मुंबईच्या बाजारात यायचे, चाळून लहानमोठे वेगळे व्हायचे, भोक पाडून ओवले जायचे. पुढे शिंपल्यातच मणी ठेवून मोती वाढवायची युक्ती निघाली आणि बुडी मारणाऱ्यांचा धंदा बसला.

मला सांगावंसं वाटलं की दोरी मीपण धरलीय. पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही.

तरी शिंपल्यांची राखण गटाने माझ्याकडेच दिली. "ही बोलत नाय, पण विसरत नाय," असं बायका म्हणाल्या. सरांनी मणी घातलेल्या एकेका शिंपल्याच्या कडेला मी ओळखीसाठी कानशीने बारीक खाच पाडली आणि जाळीच्या पिशव्यांत घालून ते तळ्यात सोडले.

वर्ष होत आलं आणि तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला. पाणी जायला लागलं. कागद जोडेपर्यंत शिंपले घरोघरी वाटून ठेवले. माझ्या वाट्याचे अंगणात घमेल्यात, पाण्यात.

दुसऱ्या दिवशी तळ्यावरून दुपारी घरी आले, तर घमेलं पालथं. चुलीवर कालवण उकळत होतं. नणंद जामसरहून आली होती. तिला शिंपल्यांचं कालवण फार आवडतं आणि सासूबाई ते तिच्यासाठी करतातच.

सगळ्याजणींची वर्षाची मेहनत. विचारायला जीभ वळेना. मी गुपचूप मागच्या उकिरड्यावर गेले आणि फेकलेली कवचं एकेक उचलून कडेवरून बोट फिरवायला लागले. एकाची कड तुटकी होती. ते मी किती वेळ हातात धरून बसले. खाच कुठे लागेना, पण खात्रीही होईना.

"वयनी, कोंबडी हरवली काय गं?" नणंद दारातून म्हणाली.

तिच्यामागून सासूबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातलं कवच पाहिलं.

"तुझे मोती शिजवले, असं वाटलं होय?"

मी कवच खाली ठेवलं.

"कोंबड्या चोच मारीत होत्या. घरात माठाशेजारी नेऊन ठेवलेत, मोठ्या पातेल्यात. हे नदीचे, हिने येता येता आणलेले. इतकी वर्षं शिंपले खातोय आम्ही, खाच दिसत नाय काय आम्हाला?"

मी आत धावले. पातेल्यात सगळे होते, प्रत्येकाला खाच. एक जरा उघडा दिसला. माझा जीव पुन्हा घाबरला. मेलेला शिंपला मिटत नाही. मी बोट लावलं, तसा तो गपकन मिटला. डोहातून बाबांचा झटका यायचा, तसंच वाटलं मला. मग कुठे मी श्वास सोडला.

जेवताना मी मुकाट खात होते. सासूबाईंवर संशय घेतला याची लाज वाटत होती. त्यांनी न विचारता माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं.

"वयनी, जपून चाव," नणंद म्हणाली, "मोती असला तर दात जायचा."

मला इतकं हसू आलं की तोंडातली नागलीची भाकर ताटात पडली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, हिला आवाज पण हाय."