वाळ्यांवरच्या खुणा

आक्का गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी दुकानात एका पैंजणाला रिठ्याचं पाणी लावत होते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पाथर्डीतल्या आमच्या दुकानात चांदी घडवायची पुरुषांनी आणि घासून उजळायची आक्कांनी. कुणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की त्या ओशाळून मान खाली घालायच्या. लोकांना तो विनय वाटायचा...

पॉलिशचं मशीन नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीला निघालेली एक बाई काळवंडलेले तान्ह्या बाळाचे वाळे घेऊन आली. बाहेर जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पितळी ब्रशनं वेळ लागला असता, म्हणून आक्कांनी वाळे मशीनच्या कापडी चाकावर धरले. बघता बघता आरशासारखे झाले. बाई त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "हितं दाताच्या खुना हुत्या. लेकराच्या."

लेकरू कुठंय, असं आक्कांनी विचारलं. ते राहिलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या. तुमाला काय ठावं," म्हणत तिनं वाळे पदरात बांधले आणि ती जीपमध्ये चढली. आक्कांनी मान वर केली नाही. मीही नाही.

तोडीवरून माणसं परतल्यावर आम्ही दोघी एसटीनं तिच्या गावाला गेलो. माफी मागायला गेलेल्या आक्का तिच्या ओट्यावर बसून ऊसतोडीचं, पोराबाळांचं विचारत राहिल्या. नेमकं तेवढंच तोंडातून निघेना. बाईनं चहा केला, निघताना कुंकू लावलं. एसटीत आक्का खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं... तिनं कुंकू लावलं."

पुढं मशीन नव्या मालापुरतंच राहिलं. जुना दागिना आला की आक्का तो दारातल्या उजेडात फिरवून बघायच्या, मग सगळ्यात मऊ ब्रश घ्यायच्या, तोही भिजवून. कधी नुसतंच फडकं. गिऱ्हाईक ताटकळतंय म्हणून दीर कुरकुरायचे. आक्का ऐकून घ्यायच्या.

आक्कांच्या माघारी, परवा कर्जतकडची एक मुलगी आईची वाकी घेऊन आली. आई नुकतीच गेलेली. यावरची एखादी खूण राहू द्यायचीय का, असं मी विचारलं. तिनं वाकी उलटसुलट करून पाहिली.

"मला न्हाई सांगता यायचं. आई असती तर तिलाच इचारलं असतं."

कुठला ब्रश घ्यावा, मलाही ठरवता येईना. ओल्या फडक्यानं वाकी नुसती पुसली आणि तशीच काळी तिच्या दंडात चढवली.