नातवाचा फोन

कॅनडातल्या रेजिनाच्या मराठी मंडळात फोनवरच्या भामट्यांचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना आपोआप अरुणाताई खानझोड्यांकडे वळत. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोन उचलला की आधी जहाजाचा भोंगा वाजायचा आणि मग टेपवरची बाई अभिनंदन करून सांगायची, तुम्हाला बोटीची सफर लागली आहे. अरुणाताई रिसीव्हर ओट्यावर उताणा टाकत आणि कणीक मळायला घेत. टेपऐवजी माणूस असला तर त्याला म्हणत, आधी माझं आडनाव नीट उच्चारून दाखव, मग पुढचं बोलू. खानझोडे म्हणताना भल्याभल्यांची बोबडी वळे. एकदा घरातले गरम हवेचे डक्ट साफ करून देतो म्हणणाऱ्याला त्यांनी लाइनवर थांबायला सांगितलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आल्या. परत येऊन बघतात तो गडी अजून थांबलेलाच.

हे किस्से त्या रंगवून सांगत. म्हणूनच दोन हजार दहाच्या संक्रांतीला मंडळाची सेक्रेटरी माधवी त्यांना म्हणाली की ताई, आपल्या सीनियर मंडळींसाठी दहा मिनिटं बोला. अरुणाताई वीस मिनिटं बोलल्या. घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कुणाला सांगू नका म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही, असं त्यांनी बजावलं. विलास कुळकर्ण्यांनी आदल्या वर्षी कुठल्याशा लॉटरीचं बक्षीस सोडवायला चेक पाठवला होता. त्यांचं नाव न घेता अरुणाताईंनी तोही किस्सा सांगितला. लोक पोट धरधरून हसले. विलासरावही हसले, पण तिळगूळ न घेताच निघून गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अरुणाताईंना तो फोन आला.

अरुणाताई नागपूरच्या. शरदचंद्रांशी लग्न होऊन चौऱ्याहत्तर साली इथे आल्या. शरदचंद्र हायवे खात्यात मातीचे नमुने तपासायचे. बाईंनी मॉलमधल्या कापडाच्या दुकानात एकोणीस वर्षं उभ्यानं कापड कापलं. दोनदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी कात्री लावली नाही, आणि दुकानात त्यांच्या मापाची तक्रार कधी आली नाही. दोन हजार पाचमध्ये शरदचंद्र गेले आणि त्या घरात एकट्या उरल्या. मुलगा जयदीप दूर पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला, आयटीत. सून ऊर्मी. त्यांना एकच मुलगा, नंदन.

नंदनच्या जन्माच्या वेळी अरुणाताई बिनपगारी रजा टाकून सहा महिने तिकडे राहिल्या होत्या. पुढे पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत तो त्यांना आजी म्हणायचा, मराठीत भांडायचासुद्धा. शाळा सुरू झाली तशी उत्तरं इंग्रजीत येऊ लागली, मग ती आखूड होत गेली. जयदीप रविवारी फोन करायचा आणि शेवटी मागे वळून म्हणायचा, से हाय टू आजी. लांबून कुठूनतरी "हाय" ऐकू यायचं. आजोबा गेले तेव्हा तो दोन दिवस आला होता आणि बेसमेंटमध्ये कानात इयरफोन घालून बसला होता. त्यानंतर मॉन्ट्रियलला युनिव्हर्सिटीत गेला. त्याचा नंबर अरुणाताईंकडे नव्हता. त्यांनी तो मागितला नव्हता, आणि कुणी आपणहून दिलाही नव्हता.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. एक तरुण आवाज इंग्रजीत म्हणाला, "ग्रँडमा? ओळखलंस मी कोण ते?"

अरुणाताई म्हणाल्या, "नंदन?"

"हो, मीच, नंदन."

आवाज जड होता, कोंदलेला. त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, नाकाला लागलंय. मित्राच्या भाड्याच्या गाडीनं एका बाईला धडक दिली, गाडी आपण चालवत होतो, आता पोलिसांच्या ताब्यात आहोत. डॅडला सांगू नकोस, तो मला मारून टाकेल. आणि तो रडायला लागला. नंतर एक वकील लाइनवर आला. अगदी सावकाश, अदबीनं बोलणारा. त्यानं जामिनाची रक्कम सांगितली, ती कुठल्या काउंटरवरून कुणाच्या नावे पाठवायची ते लिहून घ्यायला लावलं, आणि बजावलं की केस चालू आहे तोवर घरात कुणाशीही बोलायचं नाही.

संक्रांतीला लोकांना सांगितलेलं सगळं अरुणाताईंना तोंडपाठ होतं. पण तेव्हा त्यांना त्यातलं काहीही आठवलं नाही. त्यांच्या मनात एवढंच आलं की पोरगं संकटात सापडलं आणि त्यानं आईबापाला सोडून आपल्याला फोन केला. बाहेर उणे एकतीस होतं. त्यांनी इंजिन गोठू नये म्हणून लावलेली गाडीची वायर प्लगमधून काढली, बँकेत गेल्या आणि तिथून ग्रोसरीच्या दुकानात, पैसे पाठवायच्या काउंटरवर.

काउंटरवर एक मध्यमवयीन फिलिपिनो बाई होती. तिनं फॉर्म पाहिला, मग अरुणाताईंकडे पाहिलं. हळूच विचारलं, की हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे ना? हल्ली फार फसवणूक चालते, आजी-आजोबांना फोन येतात. अरुणाताईंना तो अपमान वाटला. वकिलानं पढवलं होतं तसं त्यांनी सांगितलं, भाचीचं लग्न आहे. बाई तरीही घुटमळली. तेव्हा कापडाच्या दुकानात हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या त्या सुरात अरुणाताई म्हणाल्या, "मी माझ्या घरचं बघते. तू तुझं काम कर."

बाईनं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी परत फोन आला. या वेळी तो एकटाच होता. म्हणाला, अजून सोडलं नाहीये, वकिलाची खटपट चाललीय, मला भीती वाटतेय ग्रँडमा, काहीतरी बोल. अरुणाताई काय बोलणार? जेवलास का विचारलं. मग आजोबांची गोष्ट काढली. पंचाहत्तरच्या हिवाळ्यात शरदचंद्र मूस जॉ गावाच्या रस्त्यावर बर्फाच्या वादळात अडकले होते, रात्रभर गाडीत एक मेणबत्ती लावून बसून राहिले होते, ती गोष्ट. "मग काय झालं?" त्यानं विचारलं. सकाळी बर्फ सारणाऱ्या गाडीवाल्यानं त्यांना बाहेर काढलं, तर हे त्याला म्हणतात, माझं ऑफिस नऊला असतं, तिथेच सोडा. तो हसला. मनापासून हसल्यासारखा हसला. मग त्यानं विचारलं, आजोबा शेवटी फार आजारी होते का? अरुणाताईंनी तेही सांगितलं. पाच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं: शेवटच्या आठवड्यात ते आपल्याला ओळखत नव्हते, नर्सला मात्र ओळखायचे. तो मधे बोलला नाही. फोनवर चाळीस मिनिटं गेली. बोलणं संपता संपता त्यानं सांगितलं की वकिलाला अजून थोडे लागणार आहेत. अरुणाताई म्हणाल्या, "त्याची तू काळजी करू नकोस."

त्या दिवशी काउंटरवर दुसरंच कुणीतरी होतं. त्यानं काही विचारलं नाही.

गुरुवार उजाडला, दुपार झाली, फोन आला नाही. अरुणाताईंना राहवेना. पोराला सोडलं की नाही, नाकावर उपचार झाला की नाही, डोकं त्यातच होतं. शेवटी त्यांनी ऊर्मीला फोन लावला आणि नंदनला लाडू पाठवायचे आहेत म्हणून त्याचा नंबर मागितला. ऊर्मी म्हणाली, "आई, तो फोन उचलेलच असं नाही हं. टेक्स्ट केलेलं बरं पडतं." पण नंबर दिला.

पाचव्या रिंगला फोन उचलला गेला. मागे बरीच पोरंपोरी हसत होती, कसलं तरी संगीत चाललं होतं.

"हू इज धिस?"

"मी, आजी."

"हू?"

"अरुणा आजी. रेजिनाची."

"ओह. हे." मग आवाज बदलला, काळजीचा झाला. इंग्रजीत म्हणाला, सगळं ठीक आहे ना? डॅडला काही झालं का?

अरुणाताईंनी विचारलं, तुला सोडलं का. कुठून, त्यानं विचारलं. नाक कसं आहे? नाकाला काय झालंय? तो गोंधळला होता, थोडा वैतागलाही होता. त्याचा आवाज पातळ होता, भरभर बोलणारा, जयदीपच्या विशीतल्या आवाजासारखा. दोन दिवस ज्याच्याशी बोलल्या त्या आवाजाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. अरुणाताई "काही नाही, सहज केला" म्हणाल्या आणि फोन ठेवून तिथेच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. कितीतरी वेळानं त्यांच्या लक्षात आलं की हातात अजून पेन आहे आणि समोरच्या कागदावर त्यांनी नंदनचा नंबर दोनदा लिहिलाय.

पोलिसांकडून एक तरुण कॉन्स्टेबल घरी येऊन जबाब लिहून गेला. फार सभ्य होता. पैसे परत मिळायची आशा धरू नका, असंही त्यानं सभ्यपणेच सांगितलं. मग म्हणाला की हे लोक नाव कधीच सांगत नाहीत, ओळख पाहू म्हणतात. नाव तुम्ही देता. तुमच्यासारखे शेकड्यांनी आहेत, मनाला लावून घेऊ नका. आपण शेकड्यांतल्या एक आहोत हे ऐकून अरुणाताईंना बरं वाटेल अशी त्याची समजूत असावी.

शनिवारी जयदीप विमानानं आला. बँकेचे कागद पसरून बसला. आकडा पाहिल्यावर त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"पैशांचं जाऊ दे आई," तो म्हणाला. "पण वीस वर्षांचा नातू आहे तुझा. त्याचा आवाज तुला ओळखू येऊ नये?"

अरुणाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कधी ऐकवलास?" त्या म्हणाल्या. "त्याला तरी माझा कुठे ओळखू आला?"

जयदीपनं कागद गोळा करायला घेतले. सोमवारी बँकेच्या खात्यावर त्याचं नाव चढलं. यापुढे मोठी रक्कम काढायची तर त्याची सही लागणार होती. समोरच्याचा नंबर दिसणारा नवा फोन त्यानं भिंतीवर बसवून दिला, आणि निघताना कोक्विटलामच्या एका सीनियर्स होमचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. सहज म्हणून, असं म्हणाला.

जाताना त्यानं माधवीलाही विश्वासात घेतलं, आईकडे जरा लक्ष असू द्या म्हणून. होळीपर्यंत मंडळातल्या घराघरांत ती बातमी पोचली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त अरुणाताई आल्या की बायका जरा जास्तच मायेनं खुर्ची पुढे करू लागल्या. एके दिवशी विलासराव दारात उभे. घरात आले नाहीत. पोलिसांनी छापलेलं, भामटे कसे ओळखावेत याचं पत्रक त्यांनी हातात दिलं. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या. अरुणाताईंनी थँक्यू म्हटलं. त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं? गुढीपाडव्याआधी माधवीनं विचारलं की ताई, तुमचा अनुभव सगळ्यांना सांगाल का, लोक सावध होतील. अरुणाताईंनी नाही म्हणून सांगितलं आणि त्यानंतर मंडळात जाणं सोडलं.

त्या नव्या फोनवर नंबर दिसायचा, पण त्याचा काही उपयोग नव्हता. एकदा गळाला लागलेल्या माशाची खबर सगळ्या तळ्याला लागावी तसे भामट्यांचे फोन दुपटीनं वाढले. त्यात एक तर गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणणारा होता. अरुणाताई आता कुणाची फिरकी घेत नव्हत्या. ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या.

नंदनला घरून ताकीद मिळाली असावी. तो दर रविवारी अकराला फोन करू लागला. हाऊ आर यू आजी, इट्स कोल्ड देअर? शाळेत धडा म्हणावा तसं बोलायचा. मागे कीबोर्डची टकटक ऐकू यायची. अरुणाताईही नीट उत्तरं द्यायच्या. चार मिनिटं व्हायची. एका रविवारी मात्र टकटक थांबली आणि त्यानं विचारलं, तो माणूस, तो कशाबद्दल बोलला तुझ्याशी?

"तुझ्या आजोबांबद्दल विचारलं त्यानं," अरुणाताई म्हणाल्या. "बराच वेळ ऐकत होता."

"ओह." मग त्यानं हवामानाचं विचारलं. मूस जॉच्या रस्त्यावरची गोष्ट सांगावी असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ती एकदा सांगून झाली होती आणि पुन्हा सांगायला जीभ उचलेना. उन्हाळ्यात नंदनला कुठेतरी नोकरी लागली. फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला, मग महिन्यानं.

दोन हजार बाराच्या ऑक्टोबरात अरुणाताईंनी फोन कंपनीला आपणहून फोन केला आणि लाइन बंद करायला सांगितली. पलीकडची मुलगी चटपटीत होती. अडतीस वर्षांचं कनेक्शन आहे, सूट देते, लांबचे कॉल फुकट देते म्हणाली. अरुणाताई नको म्हणाल्या. मग तिनं फॉर्ममध्ये भरण्यासाठी कारण विचारलं. आमच्या सर्व्हिसमध्ये काही कमी होतं का?

"नाही," अरुणाताई म्हणाल्या, "आवाज अगदी स्वच्छ यायचा."

मुलीनं तसं लिहून घेतलं आणि शुक्रवारपासून लाइन बंद होईल म्हणून सांगितलं.