दोन पिशव्या

पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मी सोडली, पण ती घटना काही मला सोडत नाही.

खालापूरकडच्या एका गावातली म्हातारी झटके येऊन दवाखान्यात पोचताच गेली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा फोन आला.

"आई मेली नाय, मारलीय. हातातोंडाला मुंग्या येत्यात, सून काय घालते कळत नाय, असं सांगायची. भाऊ रसायनीला केमिकल कंपनीत हाय. घरात इषाला काय कमी?"

सुनेला मी रोज ठाण्यात बोलावू लागले. सकाळी येऊन ती बाकावर बसायची. नवरा फाटकापाशीच थांबायचा. मी एकच प्रश्न फिरवून विचारत होते.

"काय दिलंस?"

"गोळ्या, मॅडम. लिवल्यात तशा."

"एखादी चुकली असेल."

"एक पण नाय. सासू म्हणायची, 'माराया बसलीस का गं?' तरी दिल्या."

खोटं बोलणारा माणूस चौथ्या दिवशी काहीतरी वाढवून सांगतो. ही वाढवत नव्हती. मग मी घरातली औषधं मागवली. तिने दोन पिशव्या आणल्या.

"दोन कशाला?"

"ही खोपोलीच्या डॉक्टरची, पायाच्या सुजेची. ही कर्जतची, हाडांची. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाय, रागावत्यात, असं सासूनं बजावलेलं."

दोन्ही पिशव्या आणि दवाखान्यात आणताच घेतलेल्या रक्ताचा अहवाल मी वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ कागद चाळले.

"हाडं ठिसूळ झाली म्हणून हे सहा महिन्यांचं इंजेक्शन दिलंय. त्याने रक्तातलं कॅल्शियम उतरू शकतं; या अहवालात ते फारच खाली गेलंय. ही सुजेवरची, लघवी वाढवणारी गोळी तेच कॅल्शियम शरीराबाहेर टाकते. मुंग्या त्याच्याच, झटकेही. एकाला दुसऱ्याचं औषध कळलं असतं, तर रक्त तपासत राहिले असते."

शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या, म्हणजे व्हिसेऱ्याच्या तपासणीतही विष निघालं नाही. मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. फोन करणारी नणंदही तिथेच होती.

सून ऐकत राहिली. मग म्हणाली, "इंजेक्शन डॉक्टरनं दिलं. गोळी?"

मी अहवालाची घडी घातली.

"म्हंजे मुंग्या आल्या तरी मी परत गोळी देत होते," सून म्हणाली.

"मग मी काय येगळं सांगत होते?" नणंद म्हणाली.

कागदोपत्री सून निर्दोष होती. नवरा आता पाणीसुद्धा तिच्या हातून घेत नाही, स्वतःच घेतो, असं हवालदारांनी नंतर सांगितलं.

निर्दोष ठरवणं म्हणजे सोडवणं, असं मला वाटायचं. आता कुणाच्या आजारपणात भेटायला गेले, की सगळी औषधं एकाच पिशवीत भरून देते आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा म्हणून सांगते. त्याने त्या सुनेचं काही बदलत नाही.