धोंडू मॅनेजरचा एक सामना

धोंडू मॅनेजर माणूस कसा, याचा निकाल आमच्या चाळीने दोनदा लावला आणि दोन्ही वेळा चुकीचा लावला. लालबागच्या आमच्या मंडळाचा हुतूतूचा संघ त्यानेच उभा केला, एवढं मात्र खरं. गिरणीतून सुटला की अंगावरचा कापूसही न झटकता चुन्याने मैदान आखायला बसायचा. सामन्याआधीचा नारळही तोच फोडणार. दुसऱ्या कुणी चुन्याच्या घमेल्याला हात लावलेला त्याला खपत नसे. हसताना मी त्याला कधी पाहिला नाही.

सरावाचा त्याचा नियम एकच. संध्याकाळचा भोंगा थांबायच्या आत पोरगा रेषेच्या आत पाहिजे. उशीर झाला तर पुढचा एक सामना त्याने बाहेर बसून बघायचा. सामना संपला की शिक्षा संपली. मग मागचं उकरून काढायचं नाही, कुणाला काढू द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ रघुवीर त्याचा लाडका. रघू चढाईला गेला की समोरची फळी मागे सरकायची आणि चाळीच्या गॅलऱ्या ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. छप्पनच्या जानेवारीत कणकवलीकडच्या जत्रेत सामने ठरले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी रघू संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटून धापा टाकत मैदानावर आला. मॅनेजरने त्याला रेषेबाहेर उभा केला आणि 'उशीर' एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं मॅनेजरबरोबर बोटीने गेली; बाहेर बसणाऱ्याचं तिकीट निघत नसे, म्हणून रघू मागे राहिला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं, सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला. आमचा रघू परळच्या नाक्यावर गेला तो परत आलाच नाही.

पोरं जत्रेतली ढाल जिंकून आली, पण ढालीकडे बघायलाही कुणी थांबलं नाही. खालचा सलूनवाला रामदास म्हणजे चाळीचं वर्तमानपत्र. इकडे माणसं मरत असताना हा पोरं घेऊन पळाला, असं त्याने वस्तरा परजत जाहीर केलं आणि आठवडाभरात धोंडू मॅनेजरचा नुसता धोंडू झाला. तो भांडला नाही. पण संध्याकाळी सराव सुरू झाला की मैदानाभोवती फेऱ्या मारायचा. आत यायचा नाही, घरीही जायचा नाही. त्या फेऱ्या बघून माझं डोकं फिरायचं. मी गॅलरीतून आत जायचो, पाणी प्यायचो, पुन्हा बाहेर यायचो, आणि तो आपला फिरतोच आहे. आई म्हणायची, बस रे एका जागी. कसा बसणार?

चार वर्षांनी महाराष्ट्र होणार हे नक्की झालं आणि त्याच सलूनमध्ये वारं फिरलं. पोरं बघा, सगळी धडधाकट आहेत, दोघांच्या घरी पाळणे हलले, रामदास सांगू लागला. मॅनेजरला पुढचं दिसलं होतं, म्हणून त्याने पोरं वेळेवर बाहेर काढली. मग काय, जो तो दूरदृष्टी दूरदृष्टी करू लागला. एक मे रोजी सामना ठेवायचा, धोंडूला शाल द्यायची आणि नारळ त्याच्याच हातून फोडायचा, असं ठरलं. रघूचं घर म्हणून मंडळी आईला विचारायला आली.

"त्याला सगळं दिसत होतं, तर माझा भाऊ मागे का ठेवला?" मी विचारलं. आईने मला गप्प केलं. येऊ दे त्याला, म्हणाली, मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे, आणि नारळ तोवर माझ्याकडे राहील.

त्या दिवशी पताका होत्या, ढोल होता, सगळी चाळ खाली उतरली होती. धोंडू आला तो आधी मैदानात शिरला. एक रेषा वाकडी गेली होती ती पायाने पुसली, नीट आखली, मगच मंचाकडे वळला. रामदासचं दूरदृष्टीवरचं भाषण तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्याने माईक ओढून घेतला.

"माका कायएक कळला नव्हता," तो म्हणाला. "गावाक शब्द दिलो होतो, म्हणान गेलंय."

आई पुढच्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली.

"रघूक त्या दिवशी किती उशीर झालो होतो, भावजी?"

धोंडूने माईक खाली ठेवला. पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं असेल.

"उशीर झालोच नव्हतो, वैनी. भोंगो वाजतच होतो. पत्रकां वाटता म्हणान माका राग इल्लो."

मी उठलो. त्याच्या अंगावर धावून जायचं एवढंच डोक्यात होतं. आईने माझं मनगट धरलं, आणि तिची पकड मला सोडवेना.

"मगे आज तुमी भायर बसा," ती म्हणाली. "एकच सामनो. फुडच्या सामन्याक येवा."

नारळ तिने स्वतः फोडला. धोंडू चपला काढून रेषेबाहेर बसला, रघू बसला असता तिथेच, आणि अख्खा सामना त्याने तिथून पाहिला. शाल खुर्चीवर तशीच पडून होती. खोबरं वाटताना आईने त्याच्या हातावर तुकडा ठेवला. मला ते बघवलं नाही. माझा राग तेव्हा गेला नाही आणि आजही गेलेला नाही.

रघूला पुढचा सामना मिळाला नाही. धोंडूचा पुढच्याच शनिवारी होता. मी मैदानावर पोचलो तेव्हा भोंग्याला अजून बराच अवकाश होता, आणि रेषा आखून झाल्या होत्या.