डाक आवृत्तीतली पेनल्टी

कोल्हापूर हे फुटबॉलचं माहेरघर आहे, याबद्दल कोल्हापुरात दुमत नाही. कोल्हापूरबाहेर याची कुणाला फारशी कल्पना नाही, पण तो बाहेरच्यांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. आमच्याकडे संस्थानी काळापासून पेठापेठांत संघ आहेत, संघांना तालमी आहेत, तालमींना गल्ल्या आहेत आणि गल्ल्यांची एकमेकींशी जुनी भांडणं आहेत. फायनलच्या दिवशी निम्मं शहर मैदानात असतं आणि उरलेलं निम्मं, ते परत येतील या धास्तीनं, दुकानाचं शटर अर्धं ओढून बसतं. माहेरघर म्हटल्यावर तिथं मुलींचंही काहीतरी असेल, असा परक्या माणसाचा समज होईल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इथल्या एका दैनिकाचं क्रीडा पान बघत होतो. मुलींचं त्यात काय होतं, हे मला नेमकं सांगता येईल: पानाच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, ‘क्रीडा संक्षिप्त’ या शीर्षकाखाली, जिल्हा कॅरम स्पर्धेच्याही खाली.

त्याच सुमारास अमेरिकेत महिलांचा विश्वचषक झाला. स्टेडियम भरून गेली होती म्हणे. वृत्तसंस्थेकडून रोज इंग्रजीत बातमी यायची, मी तिचं मराठी करायचो आणि आमचे वृत्तसंपादक ते न छापता तारेला टोचून ठेवायचे. सबंध स्पर्धेत आम्ही एक फोटो छापला. तो प्रेक्षकांतल्या एका तरुणीचा होता. तिच्या गालावर झेंडा रंगवलेला होता. त्याखाली ‘महिला फुटबॉलचा जल्लोष’ अशी ओळ मीच लिहिली, तेव्हा मी वृत्तसंपादकांपेक्षा काही वेगळा होतो असं नाही.

वृत्तसंपादकांचं म्हणणं सरळ होतं. “बायकांचा संघ हरला, ही काय बातमी हाय?” पुरुषांचा संघही हरायचाच, पण तो हरला की दोन कॉलम कारणमीमांसा यायची आणि तिसऱ्या कॉलमात माजी खेळाडूची हळहळ.

आमच्याकडे पान लावायचं काम पन्नाशीचे एक गृहस्थ करत. सगळी कचेरी त्यांना मामा म्हणायची. कॉम्प्युटरमधून मजकुराच्या लांब पट्ट्या छापून निघत. मामा त्या आखलेल्या कागदावर चिकटवत आणि जास्त झालेलं ब्लेडनं कापत. त्यांचा नियम एकच: बातमी खालून कापायची. महत्त्वाचं वर असतं आणि खाली जाईल तसं बिनमहत्त्वाचं, हे त्यांना वीस वर्षांपूर्वी कुणीतरी शिकवलं होतं. या नियमाचा फायदा असा, की बातमी वाचावी लागत नसे. मामा मजकूर वाचत नसत, मापत असत. मुख्यमंत्र्यांचं भाषण त्यांच्या लेखी अठरा सेंटिमीटर होतं.

मामांची धाकटी मुलगी अकरावीत होती आणि गोलकीपर होती. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या बोळात पोरं दोन विटा ठेवून खेळायची. गोलात थांबायला कुणी तयार नसे, म्हणून हिला उभं केलं. ती थांबली ती थांबलीच. शाळा, जिल्हा, राज्य असं होत होत त्या वर्षी तिची भारताच्या ज्युनिअर मुलींच्या संघात निवड झाली. परदेशात काही आशियाई देशांचे सामने होते. तालमीच्या फळ्यावर खडूनं तिचं अभिनंदन लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर लीगच्या सामन्याची वेळ लिहायची होती, त्यामुळे ते एक दिवस टिकलं. “पोरगी इमानात बसणार व्हय?” एवढं सगळे मामांना विचारत. ती कुणाशी खेळणार, हे कुणी विचारलं नाही.

अडचण अशी झाली, की सामने आणि अकरावीची वार्षिक परीक्षा एकाच आठवड्यात आली. कॉलेज फेरपरीक्षा घ्यायला तयार होतं, पण पुरावा मागत होतं. संघटनेचं पत्र टपालात कुठंतरी होतं. निवडीची बातमी आम्ही छापली होती, ती मामांनी नेऊन दाखवली. हेडक्लार्कनी ती परत केली.

“निवड काय, हुती. गेली का? खेळली का? ते पायजे. शनिवारी बाराला फेरपरीक्षेची यादी जाणार. खेळल्याचं पेपरात आलं की कात्रण आणा, लावतो फायलीला.”

मामांनी घरी सांगून टाकलं होतं, वर्ष गेलं तर बूट माळ्यावर. माणूस कडक नव्हता. पण थोरल्या मुलाचं असंच एक वर्ष गेलं होतं, आणि तो जो इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला तो परत कॉलेजात आला नव्हता. मामा त्याच गोष्टीला भीत होते.

पहिल्या दोन सामन्यांत मुलगी राखीव होती. वृत्तसंस्थेच्या बातमीत नावं फक्त गोल करणाऱ्यांची असत, म्हणजे समोरच्यांची. गुरुवारी दुपारी तिसरा सामना झाला आणि पाच वाजता पाच वाक्यांची बातमी आली. भारत पाच-शून्यनं हरला. पहिल्या चार वाक्यांत गोल होते. पाचवं वाक्य असं, की उत्तरार्धात बदली आलेल्या गोलकीपरनं एक पेनल्टी अडवली. पुढे नाव होतं. नावाआधी ‘कोल्हापूरची’ हा शब्द मी पदरचा घातला.

“पाच-शून्य?” वृत्तसंपादक म्हणाले.

“मामांची मुलगी आहे.”

“मग घे. पर संक्षिप्तमधी.”

मामांना मी काही बोललो नाही. आपल्याच हाताखाली त्यांना लेकीचं नाव दिसावं, अशी माझी कल्पना. ही पहिली चूक. नाव शेवटच्या वाक्यात राहू दिलं ही दुसरी, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला ती माफ नाही.

चंदगड, आजऱ्याकडे जाणाऱ्या अंकाला आम्ही डाक आवृत्ती म्हणायचो. तिचं क्रीडा पान सहालाच सुटायचं. मामांनी पट्टी चिकटवली, तळहातानं दाबली, एक डोळा मिटून सरळ आहे का बघितलं आणि बाहेर गेले. भावना आवरायला गेले असतील, असं मला वाटलं. ते चहाला गेले होते.

सात वाजता शहर आवृत्तीच्या त्याच पानासाठी एक जाहिरात आली. युवकांच्या एका आशास्थानाचा वाढदिवस होता. फोटोत त्यांनी कानाला मोबाइल लावला होता, कारण तेव्हा तो थोड्यांकडेच होता. मी फोनवरून लीगच्या सामन्याचं वर्णन उतरवून घेण्यात गुंतलो होतो. मामांनी जाहिरातीला जागा केली.

शुक्रवारी सकाळी घरी मी अंक उघडला. ‘भारताच्या मुली पराभूत’. चार वाक्यं. पाचव्या गोलाशी बातमी संपत होती आणि तिच्या खाली आशास्थान मोबाइलवर बोलत होतं, जणू हाच निकाल कुणाला तरी कळवत होतं.

कचेरीत मामा आधीच आले होते.

“मामा, काल मुलींच्या फुटबॉलची शेवटची ओळ कापली?”

“सेंटिमीटरभर जास्त हुती. का?”

“तुमच्या पोरीचं नाव होतं त्यात.”

मामा उठले आणि टेबलाखालची कचऱ्याची बादली ओढली. ती सकाळीच रिकामी झाली होती. बादलीत बघतच ते म्हणाले, “मी वाचत न्हाई वो.” एखादा जुना आजार सांगावा तसं.

बातमी पुन्हा छापा म्हणून मी वृत्तसंपादकांकडे गेलो. “एकदा आलीया न्हवं? आज फायनल हाय. उद्याच्या पानात फायनल सोडून पाच-शून्यची दुरुस्ती घालू? मला पेठेत ऱ्हायाचंय.” मग कॉलेजात फोन करून, दैनिकाच्या कागदावर सहीशिक्क्याचं पत्र देतो म्हणालो. हेडक्लार्क म्हणाले, “तुमच्या कागदावर तुम्ही काय बी लिवाल. छापलेलं आणा.” छापलेल्यावर इतका विश्वास असलेला वाचक मला त्या आधी आणि नंतर भेटला नाही.

दुपारी कधीतरी माझ्या डोक्यात आलं, की डाक आवृत्ती जाहिरातीच्या आधी सुटली होती. म्हणजे चंदगडात नाव छापून गेलं होतं. कचेरीत मात्र फक्त शहर आवृत्तीची फाइल राहायची. चंदगडच्या एसटी स्टँडवर आमचा एजंट होता, त्याला फोन लावला.

“पावणं, पेपर सकाळचा, आता चार वाजल्यात. त्यात काजू बांधून गिऱ्हाइकं घराकडं गेली की.”

“एकही नाही?”

“एक हाय. पर तो कंट्रोलरसायबांनी वाचाय न्हेलाय.”

“परत देतील?”

“देत्यात की. रोज देत्यात. कोडं सोडवून.”

शब्दकोडं क्रीडा पानाच्या बरोबर मागच्या बाजूला असायचं. बक्षिसाचं कोडं लोक कापून पाठवतात. पण ते रविवारी असतं आणि तो शुक्रवार होता, हे आठवून मला इतकं हायसं वाटलं, की मी एजंटचे दोनदा आभार मानले. त्यानं अंक दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं कबूल केलं. “पर एवढं काय आलंय त्यात?” त्यानं विचारलं. मी मुलींच्या फुटबॉलची बातमी म्हणालो. तो म्हणाला, “लाइन खराब हाय.”

शनिवारी साडेनऊला पोचणारी गाडी पावणेअकराला आली. तोवर मामा आणि मी स्टँडवर उभे होतो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कंडक्टरनं अंक काखेतून काढून दिला. त्यानंही तो वाटेत वाचलेला दिसत होता.

“पेपर तर कोल्हापूरचाच. आणि तो चंदगडासनं मागवताय?”

“आमच्याकडं नीट छापत न्हाईत,” मामा म्हणाले.

त्यांनी पान उघडलं. कोड्याची निळी शाई अलीकडे उतरली होती, पण बातमी शाबूत होती. मामा शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून हळूहळू वाचत गेले. मग खिशातून ब्लेड काढलं, अंक स्टँडच्या कठड्यावर ठेवला आणि पट्टीशिवाय चारही बाजूंनी सरळ कात्रण काढलं. या वेळी खाली बोटभर कोरी जागा सोडली.

कॉलेजात हेडक्लार्कनी चष्मा लावला. “पाच खाल्लं?”

“त्यातलं चार पयल्या गोलीनं,” मामा म्हणाले. रिक्षात त्यांनी बातमी आणखी तीनदा वाचली होती.

“आणि पेनल्टी अडवली.” हेडक्लार्क थांबले. तेही पेठेतलेच. मुली, भारत, आशिया, यांतल्या कशाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण पेनल्टी ती पेनल्टी. “कुठल्या अंगाला पडली?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. वृत्तसंस्थेनं ते कळवलं नव्हतं.

“डावीकडे,” मी म्हणालो. अशा वेळी पत्रकारानं थांबून चालत नाही.

“डावीकडं.” त्यांनी छताकडे बघत मान हलवली. “अवघड असतंय. काल आमच्या गोलीला न्हाई जमलं. फायनल घालवली बघा बेण्यानं.” आणि त्याच दुःखात त्यांनी यादीत मुलीचं नाव लिहिलं, कात्रणाला टाचणी मारली आणि शिक्का उठवला. बाराला वीस मिनिटं कमी होती.

बाहेर येऊन मामा पायरीवर बसले, नळाचं पाणी प्याले, तोंडावर मारलं आणि पुन्हा प्याले. “वाचाय पायजे अधनंमधनं,” ते म्हणाले. मी शेजारी बसलो. मला भूक लागली होती. शुक्रवार सकाळपासून ती गेलेली होती, हे तेव्हा कळलं. आम्ही समोरच्या गाडीवर दोन-दोन प्लेट भजी खाल्ली आणि भजी कुठल्या पेपरात दिलीत ते दोघांनीही निरखून बघितलं.

मुलगी सोमवारी आली. गुडघा सोललेला, नाक उन्हानं सोललेलं. वर्ष वाचल्याचं तिला मामांनी रेल्वे स्टेशनवरच सांगितलं. दोन दिवसांनी ती कचेरीत पेढे द्यायला आली, तेव्हा मी विचारून घेतलं.

“डावीकडं कुठली?” ती म्हणाली. “जाग्यावरच हुते की. तिनं नेमका माझ्या पोटात मारला.”

हेडक्लार्कना मी हे कळवलं नाही.

मामा त्यानंतर कापण्याआधी शेवटची ओळ वाचायला लागले. पान रोज दहा मिनिटं उशिरा सुटायचं आणि वृत्तसंपादक चिडायचे. दोन-चार वर्षांनी पानं सगळी कॉम्प्युटरवरच लागायला लागली. कॉम्प्युटरही खालूनच कापतो.

फेरपरीक्षा मेमध्ये झाली. मुलगी सगळ्या विषयांत सुटली आणि जूनमध्ये बारावीच्या वर्गात बसली. फक्त शारीरिक शिक्षणात तिला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली. त्या तासाची हजेरी कमी भरली होती.