दुसरा कान

कव्वाली सुरू व्हायच्या आधी चाचा सदऱ्याच्या खिशातून कापसाचा पुंजका काढायचे, त्याचे दोन बोळे वळायचे आणि दोन्ही कानांत घालून अगदी पुढच्या रांगेत मांडी घालून बसायचे. गाणं ऐकायला म्हणून हसनाबादहून धावड्यापर्यंत यायचं, तीन दिवस उरुसाच्या माळावर काढायचे आणि कानांना बूच लावून बसायचं! असा श्रोता तुम्ही पाहिला असेल तर मला कळवा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

गाणारा रंगात आला की चाचा मान जरा तिरकी करत, डाव्या कानातला बोळा काढून हातात धरत आणि म्हणत, "आता एक कान द्यायला हरकत न्हाई."

आमच्या तिघांच्या कंपूत कव्वालांची वर्गवारी यावरूनच व्हायची. बिनकानी आणि एककानी. दोनकानी कव्वाल मी कधी पाहिलाच नाही. मी विचारलं, "चाचा, दुसरा कान कुणासाठी ठेवलाय?" ते म्हणाले, "तू समोर बघ, मिस्तरी."

मिस्तरी म्हणजे मी. टेंभुर्णीला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, लोक त्या घेऊन येतात, मी तार भरून देतो. त्यातल्या बऱ्याच चालतात. चाचांचं हसनाबादला गादीघर होतं. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, लग्नसराईत उसंत नाही. त्यांच्या पिंजायच्या मशीनची मोटार मी भरली, जाऊन जोडली आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. फेज उलटे जोडले गेल्ते. मशीन उलटी फिरली. कापूस पुढून यायचा तो मागून आला, आणि मागे मी उभा होतो.

धुरळा बसला तेव्हा दारात गल्ली जमा झाली होती आणि मी मेंढीच्या आजच जन्मलेल्या कोकरासारखा दिसत होतो. आमच्या घरात दोन पिढ्या मेंढरं राखली, त्यामुळे ही उपमा मला लगेच सुचली. चाचा हसले नाहीत. जवळ आले, माझ्या कानातला कापूस दोन बोटांनी काढला आणि म्हणाले, "बिलकुल बराबर काम केलंस. आता उलटी पिंजून सरकीसकट बोंडं परत दे, म्हणजे शेतकऱ्याला वापस करतो."

त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि त्या थंडीत उरुसाला चल म्हणाले. तिसरे होते गुरुजी, हसनाबादच्या शाळेवरचे, चाचांचे बालमित्र. तेव्हापासून दरवर्षी आम्ही तिघं.

धावड्याच्या दर्ग्याला उरुसात कव्वाली दुपार कलली की सुरू होते. लिंबाच्या झाडांखाली उघड्या माळावर, आजूबाजूला वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. संदल, चिराग आणि जियारत असे तीन दिवस. लोक सतरंज्या टाकतात. आमची मात्र गादी असायची, चाचांनी खास भरलेली, तिघांना पुरेल अशी. मागचे लोक चिडवायचे, "पिंजारी आला का वरात आली?" चाचा म्हणायचे, "या ना बसायला, जागा न्हाई एवढंच."

पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. एक जागा इतकी झकास झाली की मी उठलो आणि खिशातली नोट सरळ गाणाऱ्याच्या अंगावर उधळली. गावजत्रेतल्या फडात करतात तशी. पेटी थांबली नाही, पण माणसं थांबली. गुरुजींनी तोंडाला उपरणं लावलं. चाचांनी मला मनगट धरून खाली बसवलं.

"इथं उधळायचं नसतं. नजर, म्हणजे भेट, द्यायची असते. आणि ती एकट्यानं द्यायची नसते, मिस्तरी. आपल्याजवळचं कुणीतरी, त्याचा हात धरायचा. दोघांनी मिळून नोट धरायची. आधी दर्ग्याच्या गादीवरच्या बुजुर्गांसमोर न्यायची, त्यांनी हात लावला की मंग गाणाऱ्याला."

"आणि ज्याचा हात धरला तो नाही म्हणाला तर?"

"न्हाई म्हणायचं नसतं."

तिसऱ्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. जियारतीच्या दुपारी शेवटची पार्टी बसली. तिच्यातला ढोलकवाला चाळिशीतला, उजव्या भुवईवर पांढरा केस, बघताक्षणी चाचांचाच चेहरा. त्याने ढोलक मांडीत घेतला तसे चाचांनी खिशातून आणखी कापूस काढला आणि कानातले बोळे बोटाने आत दाबले. पार्टी अशी गायली की मागची माणसं गुडघ्यावर आली. चाचांचा एकही कान उघडला नाही. नजर मात्र ढोलकवाल्याच्या हातांवरून हलली नाही.

चाचा नमाजला गेल्यावर गुरुजींनी मला सांगितलं. तो चाचांचा सख्खा धाकटा भाऊ. चाचा त्याला छोटे म्हणायचे. पिंजायचं सोडून तो ढोलकाच्या मागे गेला. वडील गेले तेव्हा पार्टीबरोबर लांब होता. निरोप पोचला, पण तो कार्यक्रम उरकून निघाला आणि आला तोवर मय्यत दफन झाली होती. बापाच्या कबरीवर मूठभर माती टाकायची, तीही राहिली. चाचा चारचौघांत बोलून गेले, "ज्या थापेपायी अब्बाची मिट्टी चुकली, ती थाप ह्या कानात पडायची न्हाई." त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता.

"मग इथं कशाला येतात?" मी विचारलं.

"तो इथं वाजवतो म्हणून," गुरुजी म्हणाले. "तोही कुठलंही बोलावणं सोडतो, पण हा दिवस सोडत नाही. बाकीच्यांसाठी कापूस घालतो ना हा, ते सोंग आहे. एकट्या भावासाठी घातला तर लोकांच्या डोळ्यावर येईल."

परत आल्यावर चाचांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. गादी झटकत एवढंच म्हणाले, "हात बघतो मी त्याचे. हात बघायला काय मनाई न्हाई."

अशी बरीच वर्षं गेली. मी मोटारी सुलट्या जोडायला शिकलो. गुरुजी निवृत्त झाले. चाचांना पायऱ्या चढताना दम लागू लागला. कापसाची बारीक तूस आयुष्यभर छातीत गेलेली. डॉक्टर म्हणाले, दुकान बंद करा. चाचा म्हणाले, दुकान बंद करून काय दगडाच्या गाद्या भरू? पण घरी चाची मला एकदा हळूच म्हणाली, "मिस्तरी, दोनों के बीच में कुछ करो. ये बोलते नहीं, नींद में छोटे-छोटे करते हैं."

मी मान हलवली. माझ्यासारख्याने मध्ये पडलं तर फेज कुठे जोडले जातील याचा भरवसा मला नव्हता.

त्या वर्षीची जियारत. छोटेची पार्टी बसली. चाचा कान दाबून अलीकडे, मी मधे, गुरुजी पलीकडे. गाणं चढत गेलं, ढोलकाने लय धरली, आणि एका जागी माझं मलाच राहवलं नाही. खिशात हात घातला, नोट काढली, शिकवलेलं आठवलं, जवळच्या माणसाचा हात धरला आणि उठलो.

लोक आजही म्हणतात, मिस्तरीने मुद्दाम केलं. मी नाही म्हणत नाही, तेवढाच मान. खरं म्हणजे मी उठून दोन पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हातात गुरुजींचा हात नाही. तो इतका मऊ होता की मला लख्ख कळलं. आयुष्यभर कापूस हाताळलेला तळवा.

मी वळून पाहिलं. चाचांचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. पण हात धरला होता. नाही म्हणायचं नसतं.

बुजुर्गांसमोर गेलो. त्यांना दोन्ही भावांचं सगळं माहीत होतं. त्यांनी नोटेला बोट लावलं, चाचांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ढोलकवाले को दो. अपने हाथ से."

चार पावलांचं अंतर, पण मला वाटलं मी मेंढरू ओढत नेतोय. छोटेने वर पाहिलं. त्याचे हात थांबले नाहीत, थांबवता येतच नाहीत, सगळी पार्टी त्यांच्यावर उभी असते. फक्त त्याने मान खाली घातली, इतकी खाली की कपाळ ढोलकाच्या दोरीला लागलं.

चाचा उभे राहिले. मग मोकळ्या हाताने डाव्या कानातला बोळा काढला.

आवर्तन संपेपर्यंत ते तसेच उभे होते. माझ्या हातातला त्यांचा हात थापेबरोबर हलत होता. मग नोट ठेवून आम्ही परत आलो.

मला राहवेना. "चाचा, दुसरा?"

"एकदम दोन्ही उघडले तर माणसाजवळ राह्यलं काय?" ते म्हणाले. डोळे ओले होते, पण आवाज दुकानातलाच. "दुसरा पुढच्या सालाला. जल्दी कशाची?"

छोटे चहाचे दोन पेले घेऊन खाली आला तोवर चाचांनी गादी गुंडाळून रिक्षात टाकली होती. रिक्षा निघाल्यावर मात्र मागे वळून पाहिलं. छोटे दोन्ही पेले धरून उभा होता.

छातीने पुढच्या सालाची वाट पाहिली नाही. ऐन लग्नसराईत, अर्धी भरलेली गादी समोर असताना, चाचांना दम लागला तो उतरलाच नाही.

गुरुजींनी छोटेला फोन केला. तो लांब होता, मांडवात बसलेला. फोन ठेवून गुरुजी म्हणाले, "ढोलक तिथंच ठेवून निघालाय." पण उन्हाळा, आणि नातेवाईक म्हणू लागले की मय्यत किती वेळ ठेवायची, दुपारच्या नमाजला उचलू. मी पिंजायच्या मशीनजवळ बसून रस्त्याकडे पाहत होतो. हे दुसऱ्यांदाही चुकलं असतं तर त्या माणसाने कुणाला तोंड दाखवलं असतं?

चाची पडद्याआडून एवढंच बोलली, "असर तक कोई नहीं उठाएगा." असर म्हणजे दिवस कलल्यावरची नमाज.

छोटे पोचला तेव्हा पायात चप्पल नव्हती. सरळ आत गेला, जिथे भावाला शेवटची अंघोळ घालत होते. मी बाहेरच थांबलो. बऱ्याच वेळाने तो ओल्या बाह्यांनी बाहेर आला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मूठ उघडली. आत कापसाचे दोन ओले बोळे.

"गुसलला कानात कापूस घालतात," तो म्हणाला. "पाणी जाऊ नये म्हणून. मंग काढायचा असतो. लोक म्हणाले, तू काढ."

"दोन्ही?" मी विचारलं.

"दोन्ही."

संध्याकाळी पहिली मूठ माती त्यानेच टाकली.

यंदा उरुसाला मी आणि गुरुजी गेलो. गादी तीच, तिघांची, त्यामुळे मधे जागा उरली. पहिल्या दिवशीचा कव्वाल चांगला होता की नाही, यावर आमचा वाद झाला आणि मिटला नाही. ते सांगणारा माणूस राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी छोटेची पार्टी आली. आधीची पार्टी अजून गात होती तेव्हा तो आमच्या गादीशी आला. एका हातात नोट होती. त्याने माझा हात धरला आणि मला उठवलं. मी उठलो. बुजुर्गांकडे जाताना मी पाहिलं, चेहरा तर चाचांचाच होता. तळवा मात्र लाकडासारखा टणक.