जिवंत नवऱ्याची बातमी

टीव्हीवर माझा नवरा मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नणंद मारेगावहून रडत आली. तो अंगणात दात घासत होता. तिनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"एसटीत साऱ्याइच्या समोर रडत आली मी, आन् तू मंजन करून राह्यला!"

"मले कोणी सांगतलंच नाही बाई, मेलो म्हणून," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत घाटंजीजवळच्या आमच्या गावात वाहिन्यांच्या गाड्या येत. शेजारणीचा नवरा गेला होता. तिला कॅमेऱ्यासमोर बसायचं नव्हतं. मी अंगणवाडी सेविका, मला बोलायची सवय. "तूच सांग बाई," ती म्हणाली. मी तिची हकीकत सांगितली. वाहिनीनं माझ्या चेहऱ्याखाली 'मृत शेतकऱ्याची पत्नी' असं लिहिलं आणि जिल्ह्याच्या एका पेपरनं तेच फोटोसह उचललं.

हसण्यावारी गेलंही असतं. पण कुणीतरी तक्रार केली, की सरकारी मदतीसाठी हिनं जिवंत नवरा मेला म्हणून सांगितलं. अंगणवाडीच्या कार्यालयानं माझ्याकडून खुलासा मागवला. नोकरी जायची वेळ आली. वाहिनीला फोन लावून पाहिले. तिथं आमचं गावही कुणाला आठवत नव्हतं.

त्या पेपरचा वार्ताहर मात्र घाटंजीत फोटो स्टुडिओ चालवायचा. मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं.

"वहिनी, हापिसानं परस्पर छापलं, मले इचारलं नाही," तो म्हणाला. "पण इथं पेपर माह्या नावानं येते. चला."

दुकानाचं शटर ओढून तो गावात आला. माझ्या नवऱ्याशी बोलला. तेवढ्यात शेजारीण न बोलावता आली.

"मेला तो माहा मालक. हिले मीच बोलाले सांगतलं होतं."

इतके दिवस ती कुणासमोर आली नव्हती. त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला.

"नाव टाकू का बाई?"

"नोका टाकू."

ओसरीवर बसून त्यानं बातमी लिहिली आणि आम्हाला वाचून दाखवली. ती मध्येच म्हणाली, "हंबरडा फोडला, हे कायले? मी काई ओरडली नाही." त्यानं ते खोडलं.

पुढे पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. विषय होता, लोकशाहीत आदर्श माध्यमव्यवस्था शक्य आहे का. मी म्हटलं, आदर्शाचं मला माहीत नाही. चुका होणारच. वाहिन्या आल्या नसत्या तर आमच्या कापसाची दिल्लीत विचारपूसही झाली नसती, तेवढे त्यांचे उपकार आहेतच. मात्र चूक झाल्यावर भांडायला जाता येईल असं एक दुकान प्रत्येक तालुक्यात असावं, आणि दुकानदारानं शटर ओढून सोबत यावं. आम्हाला तसा माणूस मिळाला.

त्यानं लिहिलेली ती बातमी तेव्हा आतल्या पानावर, साड्यांच्या जाहिरातीखाली आली होती. चूक पेपरची, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कार्यालयानं ती खुलाशाला जोडून घेतली आणि तक्रार निकाली काढली.

शेजारणीला मी बातमी वाचून दाखवली. तिचं नाव नव्हतं, हंबरडाही नव्हता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "बराबर आहे," म्हणाली, आणि विळा घेऊन शेतात निंदायला गेली. मी अंगणवाडीचं कुलूप उघडलं.